शुक्रवारी चार वाजता

किस्से कोणी जमवायला बसत नाही. आपण आपलं काम करत असतो, माइकची वायर गुंडाळत असतो, आणि ते आपोआप साचत जातात. माझ्याकडे बारा वर्षांचे साचलेत. टपरीवर चहाला उभे असलो की कोणीतरी म्हणतंच, "सोनवणे, सांगा की एखादा." लोकांना हसायचं असतं. माझे किस्से सुरुवातीला हसवतात आणि मग लोक चहा जरा लवकर संपवून निघतात. तरी विचारतात. मी तरी सांगतोच.

मी नाशिकमधल्या एका विद्यापीठात सभागृह सांभाळतो. नाव राहू द्या. माइक, स्पीकर, प्रोजेक्टर, खुर्च्या, पडदे, सगळं माझ्याकडे. वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात होते, त्यामुळे वायरींची भीती मला कधी नव्हती. माणसांसमोर बोलायची होती. अजून आहे. म्हणून मी मागच्या काचेच्या खोलीत बसतो आणि दुसऱ्यांचे आवाज कमीजास्त करतो.

आमच्याकडे सुरगाणा-पेठची मुलं येतात, मालेगावची येतात, मणिपूरची, केरळची येतात, आफ्रिकेतलीही येतात. एकाच मेसमध्ये तीन-चार वर्षं जेवतात आणि शेजारच्याचं नाव न विचारता निघून जातात. भूगोलाच्या धात्रक सरांना हे फार खुपायचं. सर मूळचे सिन्नर तालुक्यातले. त्यांनी दर शुक्रवारी चार वाजता कार्यक्रम सुरू केला. ज्याला जे येतं ते त्यानं करून दाखवायचं. गाणं, चित्र, स्वयंपाक, काहीही. मग त्यावर सगळ्यांनी बोलायचं. कागदावर त्याचं नाव होतं 'बहुसांस्कृतिक कला व संवाद उपक्रम'. आम्ही नुसतं 'शुक्रवार' म्हणायचो.

*

यासिर सुदानचा. फार्मसीला होता. सव्वासहा फूट उंच, आणि बोलायला लागला की माझ्या स्पीकरचा बेस कमी करावा लागायचा. पहिल्याच सेमिस्टरला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं त्याला न विचारताच जाहीर करून टाकलं, "आणि आता पाहूया आफ्रिकन नृत्य!"

माझ्याकडे कोणीतरी पेन ड्राइव्ह दिला होता, त्यातले ढोल मी सुरू केले. यासिर स्टेजवर आला आणि उभा राहिला. नुसताच. अर्धा मिनिट ढोल वाजत होते आणि तो हात मागे बांधून उभा. शेवटी त्यानंच मला खूण केली, मी बंद केलं. त्यानं माइक घेतला आणि इंग्रजीत शांतपणे सांगितलं की मी औषधांचा अभ्यास करतो, मला नाचता येत नाही, आमच्या घरात कोणालाच येत नाही.

सभागृह खूप हसलं. धात्रक सर हसले नाहीत. पहिल्या रांगेतून त्यांनी विचारलं, "मग काय येतं?"

"कॉफी," यासिर म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी त्यानं स्टेजवर शेगडी लावून आलं घातलेली कॉफी केली. तशी कॉफी मी पुन्हा कधी प्यालो नाही. पण दरम्यान एका छोट्या स्थानिक पेपरात आधीच्या शुक्रवारची बातमी आली होती. यासिर हात मागे बांधून उभा असलेला फोटो, आणि खाली ओळ, 'सुदानच्या विद्यार्थ्याच्या बहारदार नृत्याने उपस्थित मंत्रमुग्ध'.

मित्रांनी त्याला त्या ओळीचा अर्थ सांगितला. त्यानं मजा म्हणून फोटो, अर्थासकट, घरी पाठवला. मग मला येऊन म्हणाला, काका, आईचा फोन आला होता. ती विचारत होती, तू तिकडे नक्की काय शिकतोस?

*

सुनंदा भोये सुरगाण्याकडची. एम.ए.ला होती. कमी बोलायची. एका शुक्रवारी बाहेरगावचे एक अभ्यासक आले, विषय होता बोलीभाषा आणि त्यांचं मरण. त्यांचा निबंध तेवीस पानांचा होता. बाराव्या पानावर ते थांबले आणि म्हणाले की डोंगरातली बोली बोलणारं कोणी इथे आहे का. सगळ्यांनी सुनंदाकडे पाहिलं. ती केव्हाची दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

तिला स्टेजवर बोलावलं. अभ्यासकांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, शब्द समजून घेऊ नका, फक्त नाद ऐका, हा मातीचा आवाज आहे. दोनशे माणसांनी डोळे मिटले. सुनंदानं दोन वाक्यं म्हटली. टाळ्या पडल्या. अभ्यासकांचे डोळे खरंच ओले झाले होते. ते म्हणाले, याचं भाषांतर कृपया करू नका, त्यातला प्राण जाईल.

धात्रक सरांनी तरी विचारलं, "सुनंदा, काय म्हणालीस?"

"सर, मी म्हटलं, पाच वाजले. सव्वापाचची गाडी गेली तर आज घरी जाता येणार नाही. आईला दवाखान्यात ठेवलंय."

सरांनी तिला तसंच स्टेजवरून खाली आणलं, स्कूटरवर बसवलं आणि निघाले. स्टँडवर पोचेपर्यंत गाडी गेलेली होती. मग दिंडोरी रोडला लागून, म्हसरूळच्या पुढे कुठेतरी त्यांनी ती गाठली, बसपुढे स्कूटर आडवी घातली. हे मला सुनंदानं नंतर सांगितलं. आई वाचली तिची, पण ती परत शिकायला आली नाही. घरी करणारं दुसरं कोणी नव्हतं.

सर दीड तासानं परतले तेव्हा अभ्यासक एकविसाव्या पानावर होते. सर पुढे गेले नाहीत. माझ्या काचेच्या खोलीत येऊन स्टुलावर बसले. मग म्हणाले, "दोनशे जणांनी ऐकलं, सोनवणे. एकालाही कळलं नाही."

*

सुमैया मालेगावची. वडिलांचे घरात चार पॉवरलूम. ती इथे चित्रकला शिकायची. हात फार चांगला होता, पण आमच्या लोकांना तिच्या चित्रांपेक्षा तिचा स्कार्फ जास्त उपयोगी पडायचा. कुठलाही फोटो असो, फोटोग्राफर ओरडायचा, "मॅडम, तुम्ही मध्ये या." एका बाजूला मणिपूरची मुलगी, एका बाजूला यासिर, मध्ये सुमैया. प्रवेशाच्या दिवसांत हाच फोटो गंगापूर रोडवर मोठ्या होर्डिंगवर लागला. खाली लिहिलं होतं, 'इथे सगळे आपले'.

त्या वर्षी तिला हॉस्टेल मिळालं नाही, म्हणून ती खोली शोधत होती. महिनाभर शोधत होती. आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. मग एका शुक्रवारी 'माझा शेजार' असा विषय होता. सरांनी कागदावर सहा प्रश्न काढून आणले होते. सुमैया बोलायला उभी राहिली आणि हसत हसतच सांगायला लागली.

आदल्या संध्याकाळी ती गंगापूर रोडलाच एका सोसायटीत खोली बघायला गेली होती. घरमालकीण बाई चांगल्या होत्या. पाणी दिलं. खोली दाखवली. काय शिकतेस, घरी कोण कोण, सगळं झालं. स्कार्फ धुळीसाठी इथे सगळ्याच मुली बांधतात, त्यावरून काही कळलं नसावं. मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्या थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, माझं काही नाही गं, पण सोसायटीवाले ऐकत नाहीत, तू वाईट वाटून घेऊ नको. सुमैया चप्पल घालायला लागली. बाई दारापर्यंत सोडायला आल्या. तिच्याकडे पुन्हा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला कुठेतरी पाहिलंय मी. चेहरा फार ओळखीचा वाटतो."

सभागृहात दोन-चार जण हसले. मग तेही थांबले.

सुमैया म्हणाली, मला त्यांना सांगावंसं वाटलं, मावशी, खिडकी उघडा, समोरच आहे मी.

सरांनी प्रश्नांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. त्या दिवशी चर्चा झाली नाही. सुमैया शेवटी जुन्या नाशकात तिच्या वडिलांच्या ओळखीच्यांकडे राहिली, रोज दोन बस बदलून यायची. होर्डिंग तसंच होतं. पुढच्या पावसाळ्यात वाऱ्यानं फाटलं, तेव्हा उतरवलं.

त्यानंतर मात्र फोटोच्या वेळी ती कडेला उभी राहायची. फोटोग्राफरनं बोलावलं तर म्हणायची, "इथंच बरंय. इथून लवकर निघता येतं."

*

यासिर शेवटच्या वर्षाला असताना त्याच्या देशात लढाई पेटली. त्याच्याच शहरात, ओमदुरमानमध्ये. पहिले काही दिवस फोन लागत होते, मग लागेनासे झाले. तो वर्गात यायचा, मेसमध्ये जेवायचा, आणि हातातला मोबाइल खाली ठेवायचा नाही. जेवतानाही डाव्या हातात धरलेला असायचा.

त्या महिन्यात 'माझं शहर' नावाची मालिका चालू होती. दर शुक्रवारी एकानं आपल्या गावाचे फोटो दाखवायचे. यासिरची पाळी आधीच ठरलेली होती. सरांनी त्याला बोलावून सांगितलं, नको करू, कोणी काही म्हणणार नाही. तो म्हणाला, करतो. आणि मराठीत करतो. मेसमधल्या मावशींकडून तो तीन वर्षांत बरीच मराठी शिकला होता.

फोटो मी त्या दिवशी स्टेजच्या कडेला लॅपटॉप घेऊन प्रोजेक्टरवर लावत होतो. साधेच फोटो. गल्ली, शाळा, नदी.

"ही आमची गल्ली आहे," तो म्हणाला. "हे आमचं घर आहे. दार निळं आहे. हे वडिलांचं दुकान आहे. औषधांचं."

पुढचा फोटो मी लावला आणि तो थांबला. पोडियम माझ्या टेबलाला लागूनच होतं. तो माइक सोडून माझ्याकडे वाकला आणि हळू आवाजात विचारलं. पण कॉलरला दुसरा माइक लावलेला होता, तो मी बंद करायला हवा होता. केला नाही. त्याचं बोलणं सगळ्या सभागृहात ऐकू आलं.

"काका, 'आहे'चं 'होतं' कधी करायचं?"

मी व्याकरण नववीनंतर पाहिलेलं नाही. आणि त्याला व्याकरण विचारायचं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. धात्रक सर पहिल्या रांगेतून उठले, स्टेजच्या कडेशी आले आणि म्हणाले, "जोवर कळत नाही, तोवर 'आहे'च म्हण."

यासिर परत माइकशी गेला. अकरा फोटो राहिले होते. सगळे त्यानं 'आहे' म्हणत दाखवले. शेवटचा आईचा होता. ती दारात बसून काहीतरी निवडत होती. "ही आई आहे," म्हणाला आणि खाली उतरला.

आई आणि बहीण सुटल्या. इजिप्तला पोचल्याचा फोन पाच महिन्यांनी आला. तेव्हा तो धावत सभागृहात आला होता आणि मी शिडीवर चढून बल्ब बदलत होतो, तर त्यानं शिडीसकट मला मिठी मारली. वडिलांचं त्यानंतरही काही कळलं नाही. डिग्री घेऊन तो आईकडे गेला. मधूनमधून मेसेज करतो. मराठीत करतो. वडिलांबद्दल लिहितो तेव्हा अजून 'आहेत' असंच लिहितो.

*

हळूहळू शुक्रवार ओसरत गेला. आधी हजेरीचे गुण मिळायचे, ते बंद झाले. मग कंपन्यांचे इंटरव्ह्यू शुक्रवारी ठेवायला लागले आणि सभागृह त्यांना हवं असायचं. दोनशेचे साठ झाले, साठचे वीस.

एका शुक्रवारी फक्त तीन मुलं आली. मी सरांना म्हटलं, आज राहू द्या. ते म्हणाले, चार वाजलेत ना? मग सुरू करा. स्टेजवर जाऊन त्यांनी पूर्ण प्रस्तावना केली, वीस मिनिटं, जशी दोनशे लोकांसमोर करायचे तशी. मग समोर पाहून म्हणाले, आता आपण एकमेकांची ओळख करून घेऊ. पहिल्या मुलानं ओळख करून दिली. दुसऱ्यानं दिली. तिसरा संकोचून उभा राहिला. म्हणाला, "सॉरी सर. मी मोबाइल चार्जिंगला लावलाय. इथला प्लग चालू आहे म्हणून."

"किती टक्के झालाय?" सरांनी विचारलं.

"चाळीस."

"मग बस अजून थोडा वेळ."

तो शंभर टक्के होईपर्यंत बसला. नंतरचे चार शुक्रवारही आला. चार्जर न आणता.

सर निवृत्त झाले त्या वर्षी वरच्या ऑफिसातून एक फॉर्म आला. उपक्रमातून काय निष्पन्न झालं ते लिहा, म्हणजे चालू ठेवायचा की नाही ते ठरवता येईल. सरांनी तो माझ्या टेबलावर बसून भरला. मोठा चौकोन होता, शंभर-दीडशे शब्द मावतील एवढा. त्यांनी लिहिलं, 'काही जण आले. काही जण बोलले. थोड्यांनी ऐकलं.' सही केली आणि पेन मला परत दिलं.

उपक्रम बंद झाला. आठ महिन्यांनी सर गेले. सकाळी फिरायला निघाले होते, बुटांची लेस बांधायला खाली बसले, ते उठलेच नाहीत. शोकसभा आमच्याच सभागृहात झाली. माइक मीच लावले. ज्यांनी फॉर्म पाठवला होता ते सगळ्यात छान बोलले.

*

त्यानंतर दीडेक महिन्यानं एका शुक्रवारी दुपारी मी खुर्च्या पुसत होतो. दारात एक बाई उभ्या होत्या. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही. त्या म्हणाल्या, धात्रक सरांची मी मंडळी.

बारा वर्षांत मी त्यांना पाहिलं नव्हतं. सर कधी त्यांना घेऊन आले नाहीत. शोकसभेलाही त्या गावी होत्या, मुलगाच आला होता. मी खुर्ची दिली, पाणी आणलं. त्यांनी सभागृह सगळीकडून नीट पाहून घेतलं, छतापासून.

"हे इथंच बोलायचे का?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, हो काकू, तिथे वर उभे राहून.

"लय बोलायचे म्हणतात."

म्हटलं, हो. आणि दुसऱ्यांनाही बोलतं करायचे. मुकी मुलं बोलायला लागली त्यांच्यामुळे.

त्या मान हलवत राहिल्या. मग पिशवीचे बंद हाताला गुंडाळत म्हणाल्या, "घरी नाय बोलायचे."

त्याच पुढे सांगत गेल्या. तक्रार करतायत असं वाटत नव्हतं. माणूस चांगला होता म्हणाल्या. कधी हात उगारला नाही, कधी टाकून बोलले नाहीत. जेवायला वाढ, दार लाव, चष्मा कुठंय, एवढंच. एकतीस वर्षं. सुरुवातीला त्यांना वाटलं, मी सातवी शिकलेली, माझ्याशी काय बोलणार. मग सवय झाली. शोकसभेहून मुलगा घरी आला आणि सांगायला लागला की बाबांबद्दल लोक काय काय बोलत होते, तेव्हा त्यांना वाटलं, पोरगा चुकून दुसऱ्याच कोणाच्या सभेला जाऊन आला की काय.

"तुमच्याकडं त्यांचं बोलणं भरून ठेवलेलं हाय म्हणे," त्या म्हणाल्या. "पोरानं सांगितलं. ऐकवता का? कोणतंबी चालंल."

माझ्या कॉम्प्युटरवर जवळजवळ सगळे शुक्रवार आहेत. मी काचेच्या खोलीत गेलो. कुठला लावावा कळेना. हाताला येईल तो लावला. स्पीकरमधून सरांचा आवाज आला, "या, या, पुढे बसा, मागे कोणी बसू नका."

काकू मागच्या रांगेत होत्या. त्या उठल्या आणि तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या.

पाऊण तासाचं रेकॉर्डिंग होतं. विषय नकाशांचा होता, कोणाच्या नकाशात आपलं गाव कुठे येतं असा काहीतरी. काकूंना त्यातलं किती कळत होतं मला माहीत नाही. त्या पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या आणि रिकाम्या स्टेजकडे पाहत होत्या. मध्येच कोणीतरी मुलगा काहीतरी बोलला आणि सर हसले, मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. काकू एकदम मागे वळल्या आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. "हेच हसले का?" असं त्यांनी विचारलं असावं, काचेतून ऐकू आलं नाही. मी मान हलवली. त्या परत पुढे वळल्या.

मग मुलांची चर्चा झाली, टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मला वाटलं संपलं. मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात सर पुन्हा बोलले. घाई नव्हती आवाजात.

"आपल्याकडे वेळ आहे," सर म्हणाले. "कोणाला काही विचारायचंय? अजिबात लाजू नका. मी थांबलोय."

आणि रेकॉर्डिंगमध्ये शांतता पसरली. त्या दिवशी कोणीच काही विचारत नव्हतं बहुतेक.

तिसऱ्या रांगेत काकूंनी पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली, पदर सारखा केला, आणि हात वर केला.